आईकडे कोणाची मुलं?

(२०२० च्या अखेरीस, करोनाच्या साथीत आलेलं पत्र आणि त्याला तेव्हा दिलेलं उत्तर. नियम आणि आजाराची माहिती त्या वेळची आहे.)

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिचं पाळणाघर करोनामुळे मार्चपासून बंद आहे. दादाची मुलं आठ आणि सहा वर्षांची, त्यांची शाळा कधी चालू तर कधी बंद. आजवर ही तिन्ही मुलं दिवसभर आईबाबांकडे असायची. आता आमच्याकडे नियम आला आहे की, वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी घरात एकत्र जमायचं नाही. फक्त मूल सांभाळण्यासाठी एका घराने दुसऱ्या एकाच घराशी जोडी करायची. म्हणजे आईबाबांकडे एकतर माझी मुलगी जाणार, नाहीतर दादाची मुलं. वहिनी रुग्णालयात परिचारिका आहे, तिला घरी बसता येणार नाही. दादाचीही नोकरी बाहेरची. मी घरून काम करते म्हणून सगळ्यांना वाटतं, ही तर घरीच आहे! प्रत्यक्षात दिवसाला चार-पाच मीटिंगा असतात आणि वरिष्ठांनी दोनदा टोकलं आहे. असंच चाललं तर माझी नोकरी जाईल. नवरा रोज कामावर जातो. आईचं वय ६६, तिला मधुमेह आहे. बाबा ७१ वर्षांचे, त्यांची बायपास झालेली आहे. वहिनीची मुलं तिथे जाणं बाबांसाठी धोक्याचं आहे असं मला वाटतं, पण तसं म्हटलं की दादा दुखावतो. आई म्हणते, "सगळ्यांना आणा, कोण बघतंय?" पाच माणसांना एका घरात बसू न देणारा हा नियम पाळून घरात वाईटपणा घ्यायचा, की सरळ डोळेझाक करायची?

उत्तर : प्रिय ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. इथे जागेअभावी ते आटोपतं घेतलंय. त्या चार पानांत दादा काय म्हणतो ते आहे, वहिनीला काय वाटत असेल ते आहे, तुमच्या वरिष्ठांचं बोलणंसुद्धा आहे. आईचं मात्र एकच वाक्य आहे. बाबांचं तर एकही नाही.

आणि आईचं ते एक वाक्य तुम्ही "बघा, आईलाच नियमाची पर्वा नाही" अशा सुरात लिहिलंय. मला ते वेगळं ऐकू आलं. मी स्वतः आजी आहे. दोन वर्षांपूर्वी लेकाने फोनवर विचारलं होतं, "शनिवारी मुलांना तुझ्याकडे ठेवू ना?" माझी कंबर धरलेली होती. मी म्हटलं, "ठेव की, विचारायचं काय त्यात!" शनिवारी सकाळी पट्टा बांधून दार उघडलं आणि संध्याकाळी ती गेल्यावर आडवी झाले. खोटं बोलले होते का? नाही. मुलं हवीच होती. पण "ठेवू ना?" या प्रश्नाला आजीकडे दुसरं उत्तर नसतंच. तुमच्या आईपुढे तर त्याहून कठीण प्रश्न आहे, लेकीची बाजू घ्यायची की लेकाची. अशा वेळी "सगळ्यांना आणा" म्हणण्यावाचून तिने काय करावं? तो निवाडा तिच्या गळ्यात घालूच नका.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे. आता नियमाकडे वळू.

पाच माणसांनी काय होतं, हा तुमचा राग मला समजतो. माणसं मोजणारे नियम वरवर विचित्रच दिसतात. सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडने सहाच्या वर एकत्र जमायचं नाही असं ठरवलं, तेव्हा तिथे तान्ह्या बाळालाही त्या सहांत धरलं होतं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र १२ वर्षांखालची मुलं मोजायची नव्हती. विषाणू काय सीमेवर थांबून वय विचारतो? पण "एका घराशी एकच घर" हा नियम डोकी मोजत नाही, तो दुवे मोजतो. तुमच्या मुलीमागे तुमच्या नवऱ्याच्या कामाची जागा आहे. दादाच्या मुलांमागे शाळेचा वर्ग आहे, त्याची कचेरी आहे, वहिनीचा वॉर्ड आहे. दोन घरं जोडली तर त्या दोघांचंच एकमेकांना लागतं. तिसरं जोडलं की तुमच्या नवऱ्याच्या कचेरीतला खोकला दादाच्या मुलांमार्फत शाळेत पोचू शकतो, आणि वाटेत बाबांची खुर्ची आहेच.

"ज्या दिवशी मुलांना बरं नसेल त्या दिवशी नाही पाठवायचं" एवढ्याने भागत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागतात, कधी चौदापर्यंत. लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, आणि मुलांमध्ये तर पुष्कळदा काही दिसतही नाही. खेळणाऱ्या, हसणाऱ्या पोराकडे बघून काही कळत नाही, ही या आजाराची खोड आहे.

बबल, म्हणजे फक्त आपापसांतच मिसळणाऱ्या माणसांचा छोटा गट, हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. न्यूझीलंडने मार्चमध्ये कडक टाळेबंदी केली तेव्हा तो तिथल्या सरकारने रुळवला. प्रत्येकाने आपल्या बबलमध्येच राहायचं. एप्रिलअखेर निर्बंध सैल झाले तेव्हा जवळचे नातलग किंवा मुलं सांभाळणारं माणूस त्यात घेण्याची मुभा मिळाली, पण अट अशी की बबल बंदिस्तच राहिला पाहिजे. इंग्लंडमध्ये सप्टेंबरात १४ वर्षांखालच्या मुलांच्या सांभाळासाठी दोन घरांनी जोडी करण्याची सोय झाली, आणि तिथेही ती फक्त सांभाळण्यासाठी, मोठ्यांच्या गप्पांसाठी नाही. तेव्हा तुमच्याकडच्या नियमाची मूळ भाषा एकदा शांतपणे वाचा, कोणी पुढे ढकललेला मेसेज नको. पगारी मदतनीस त्यात धरतात का, जोडी पुढे बदलता येते का, बदलायची तर मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, हे त्यात बहुधा सापडेल. निम्मी भांडणं नियम न वाचल्यामुळे होतात, उरलेली निम्मी वाचून होतात, पण ती निदान मुद्द्यावर असतात.

आता वहिनी. "परिचारिका म्हणजे धोका" हे तुम्ही गृहीत धरलंत. असेलही. पण रुग्णालयात ती मास्क आणि हातमोजे घालून वावरते, कोण आजारी आहे हे तिला माहीत असतं, आणि संशय आला तर तिची टेस्ट बहुधा तुमच्या-माझ्या आधी होईल. तुमचे यजमान दुपारी जेवायला कुठे बसतात? बंद खोलीत, चार सहकाऱ्यांसोबत? जेवताना मास्क निघतो. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाची बायको कुठे जाते, हे त्यांना माहीत नसतं. वहिनीचा धोका कमीच आहे असं मी म्हणत नाही. तो दिसतो, म्हणून आपण त्याच्यावर बोट ठेवतो, आणि आपल्या घरचा धोका रोजचा असल्यामुळे डोळ्यांत भरत नाही.

म्हणून दादाशी बोलताना सुरुवात मुलांपासून करू नका. असं म्हणून बघा : "दादा, आईकडे कोण जाणार ते आज ठरवायचंच नाही. आधी तुझ्या आणि माझ्या घराचा गेला आठवडा कागदावर मांडू." प्रत्येक मोठ्या माणसाने लिहायचं, बंद जागेत कुठे कुठे गेलो, मास्क कधी काढला, किती वेळ. दुसऱ्याचा कागद वाचून भुवया उडवायच्या नाहीत, एवढं पथ्य. हे करून पाहिलेल्या एका घरात सगळ्यात लांब यादी निवृत्त आजोबांची निघाली! बँक, दवाखाना आणि मित्राच्या दुकानातली रोजची पाऊण तासाची बैठक. तुमच्या बाबांनाही कागद द्या.

पर्यायांचं बोलू. तुम्ही पत्रात दोनच मांडलेत, मी किंवा दादा. लोक बहुतेक वेळा तिसरा म्हणून पाळी लावतात : सोमवार-मंगळवार तुझी मुलं, बुधवार-गुरुवार माझी. दिसायला अगदी न्याय्य, कोणाचं मन दुखत नाही. पण विषाणूच्या दृष्टीने ती तिन्ही घरं जोडलेलीच आहेत, फक्त वेळापत्रक आखून. नियमातही ते बसत नाही. पाळीच लावायची तर एका घराची चार-सहा आठवडे, मग पूर्ण चौदा दिवस कोणीच नाही, मग दुसऱ्या घराची. ते चौदा दिवस कोण काढणार, याचं उत्तर असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

चौथा पर्याय तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही आणि दादाने एकमेकांशी जोडी करायची आणि आईबाबांना या साखळीच्या बाहेर ठेवायचं. मधुमेह, बायपास आणि ही वयं पाहता माझा कौल याच बाजूला आहे, निदान लस हाती येईपर्यंत. चाचण्यांचे चांगले निकाल नोव्हेंबरात आलेत, ती तुमच्या आईबाबांच्या दंडापर्यंत पोचायला काही महिने लागतील. जन्माचं काही ठरवायचं नाहीये.

यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे तिन्ही मुलं माझ्याच गळ्यात, कारण मी "घरीच"! तसं अजिबात नाही. मुलं दादाच्या घरी जमू द्या, तुमच्या नाही. दोन घरांनी मिळून एकच मदतनीस ठेवा, पगार मुलांच्या संख्येने वाटून घ्या. वहिनीची आठवड्याची सुट्टी एक दिवस भरून काढील. मात्र तिच्या रात्रपाळीनंतरचा दिवस हिशेबात धरू नका, त्या दिवशी तिला झोप हवी. मदतनीस बाईंच्याही घरी माणसं आहेत, त्यामुळे आठवड्याचा कागद त्यांच्याशीही बोलावा लागेल, आणि त्यांना ताप आला तर घरी बसल्या दिवसांचा पगार कापणार नाही हे आधीच सांगावं लागेल. पगार कापला जाणार असेल तर खोकला लपवला जातो. तुम्ही-मी तरी काय वेगळं केलं असतं?

एक दिवस तुमच्या यजमानांचा. खरं सांगू? पत्रातल्या "माझी नोकरी जाईल" या वाक्यापाशी मी थांबले. मुलगी दोघांची आहे, मग सांभाळण्याची अडचण फक्त तुमच्या नोकरीची कशी झाली? त्यांनी आठवड्यातून एक दिवस रजा, उशिराची पाळी, अर्धा दिवस, काही मागून पाहिलंय का? नाही म्हणतीलही. पण "नाही" ऐकायला ते एकदा तरी गेले होते, हे तुम्हाला माहीत असायला हवं. तुम्हीही वरिष्ठांना "जरा अडचण आहे" असं मोघम सांगण्यापेक्षा "दहा ते बारा आणि चार ते सहा मी हमखास सापडेन, मधली कामं रात्री करीन" असं सांगितलंत तर त्यांना हो म्हणणं सोपं जाईल.

समजा आईबाबांनाच एक नातवंड तरी घरात हवं आहे. तो त्यांचा हक्क आहे. धोका कळणारी माणसं आहेत ती, त्यांचं आयुष्य आपण काचेच्या कपाटात ठेवू शकत नाही. बाबांच्या डॉक्टरांना एकदा विचारा आणि मग त्यांना ठरवू द्या. पण मग पैशाचं बोला. ज्या घराला आईबाबा मिळाले, त्याने दुसऱ्या घराच्या मदतनिसाचा निम्मा पगार भरायचा. आईचं सांभाळणं फुकट समजल्यामुळेच त्याच्यावरून ओढाताण होते. त्याला किंमत आली की दादाचा आवाज खाली येतो का बघा. तुमचाही.

तिथे मुलगी जाणार असेल तर आजीने सहा फूट लांबून सांभाळावं वगैरे स्वप्न बघू नका. साडेतीन वर्षांचं मूल चढतंच अंगावर. मास्कचीही सक्ती नको. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ऑगस्टमध्ये सांगितलंय की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तो लावायचा आग्रह नसावा. खिडक्या उघड्या, जमेल तितका वेळ बाहेर, बाबांची दुपारची झोप वेगळ्या खोलीत, एवढं होण्यासारखं आहे.

धोका पुष्कळदा मुलाला सोडायला-न्यायला येणाऱ्या मोठ्यांकडून असतो. तुमचंच बघा ना. सकाळी मुलीला सोडताना आईशी पाच मिनिटं. दुपारी विसरलेली बाहुली द्यायला आलात, दारातून आत, आणखी पाच. संध्याकाळी "बस गं जरा" म्हणून पाच, तीही सहसा पाच राहत नाहीत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने ऑक्टोबरमध्ये निकट संपर्काची व्याख्या बदलली. सहा फुटांच्या आत २४ तासांत मिळून १५ मिनिटं, सलग असायची गरज नाही. तुमची बाहुली धरून बरोबर पंधरा भरली. तेव्हा मूल दारात सोपवायचं, दारातूनच घ्यायचं, बोलायचं ते घरी जाऊन फोनवर.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, डोळेझाक. मी काही पोलीस नाही. पण गुपचूप जमणाऱ्या घरांचं काय होतं ते सांगते. कोणीतरी पॉझिटिव्ह निघतं. आरोग्य खात्यातून फोन येतो, "गेल्या काही दिवसांत कोणाकोणाला भेटलात?" नियम मोडलेला असतो, म्हणून दोन नावं गाळली जातात. ती दोन माणसं पुढचे तीन-चार दिवस कामावर, शाळेत, दुकानात फिरत राहतात. मुलांना "आजीकडे गेलो होतो असं कुठे बोलायचं नाही" म्हणून पढवलं जातं, आणि सहा वर्षांचं पोर नेमकं तेच शाळेत बोलतं. "कोण बघतंय" याचं उत्तर "कोणी नाही" असं असलं तरी फोनवर खरं सांगता येईल अशीच व्यवस्था निवडा.

मुलीला काय सांगायचं? काहीही सांगा, पण "तुझ्यामुळे आजी आजारी पडेल" हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. एवढ्याशा मुलाच्या मनात ते फार खोल जातं. "आता आजीला आपण बाहेर भेटतो" एवढं तिला पुरतं. आजीला जवळ न जाताही काम देता येतं. तुमच्या सकाळच्या मीटिंगच्या वेळी वीस मिनिटं व्हिडिओ कॉल लावून द्या, रोज तीच वेळ, रोज तेच गोष्टीचं पुस्तक, एक प्रत आजीकडे आणि एक मुलीकडे. पानं मुलीने उलटायची. पहिले दोन दिवस फोन छताकडे बघत राहील, तिसऱ्या दिवसापासून जमतं.

आईशी मात्र याआधी बोला. "तुला चालेल ना?" असं नाही विचारायचं. "आठवड्यातले किती दिवस तुला खरंच झेपतात? तिला उचलून अंघोळ घालताना त्रास होतो का? तुला कशाची भीती वाटते?" असं विचारा आणि मग गप्प बसा. पहिलं उत्तर "मला काय होतंय" असंच येईल. दुसऱ्यासाठी थांबा. आई आणि बाबांशी वेगवेगळं बोला. एकमेकांसमोर ते एकमेकांना सांभाळून घेतात. आणि दादालाही याच पद्धतीने बोलू द्या, म्हणजे "आई मला असं म्हणाली" ही शर्यत लागणार नाही.

सगळं ठरलं की एका कागदावर उतरवा. मुलं कुठे, कोणते दिवस. ताप, खोकला, वास जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी सगळ्यांना कळवायचं, रात्रीचे अकरा वाजले असले तरी, आणि कळवणाऱ्याला कोणी बोलायचं नाही. एक घर चौदा दिवस बंद पडलं तर मुलं कोण बघणार. आईबाबांची औषधं महिनाभराची घरात आहेत का. आणि चार आठवड्यांनी कोणत्या तारखेला पुन्हा बसायचं. तो कागद वहिनीला लिहायला सांगा. पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला एकेका रुग्णाचं सगळं नोंदवून देण्याची सवय तुमच्या घरात फक्त तिलाच आहे.